थोरलीचं हातसामान

शपथेवर सांगते, यातला शब्द न शब्द खरा आहे. काना-मात्रेचासुद्धा फरक नाही. खोटं निघालं तर माझी कवळी चारचौघांत, हसता हसता, पाहुण्यांच्या ताटात पडो. माझ्या वयाच्या बाईकडे याहून मोठी शपथ नसते. तेव्हा मुकाट्यानं ऐका आणि मधेमधे 'असं कसं होईल' म्हणू नका.

तर दोघी जावा होत्या. जावा जावा उभा दावा म्हणतात, पण या दोघींचा दावा कधी उभा राहिलाच नाही. तो बसूनच असायचा, पाय पसरून, वर्षानुवर्षं. वरवर सगळं गोड. "जाऊबाई, चहा घेता?" "घेते की." आणि आत नुसता धूर.

थोरली कपडे शिवायची. रस्त्याकडेच्या खोलीत मशीन, खिडकीत गिऱ्हाइकं, तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवून ती भांडू शकायची, हे मी स्वतः पाहिलंय. तिच्या हाताला एक खोड होती. माप काहीही द्या, कापताना ती दोन बोटं जास्त धरायची. "माणूस वाढतं, कापड वाढत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. शाळेचे गणवेश असोत की म्हातारबुवांचे सदरे, दोन बोटं जास्त म्हणजे जास्त. एकदा एका बाईला उशीचे अभ्रे शिवून दिले तर तेही दोन बोटं मोठे. बाई म्हणाली, "अहो, उशी वाढते का?" थोरली म्हणाली, "कापूस फुगतो."

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला. समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचून घ्यायची, काचा पुसायची, गोड बोलायची. तिला मूलबाळ नव्हतं. आणि थोरलीला होती एकच मुलगी. इथंच सगळी मेख होती.

मुलगी लहानपणी शाळेतून सुटली की आधी काकूच्या दुकानात जायची. तिथं खाऊन, पिऊन, सगळं सांगून, घरी यायची ती भरल्या पोटानं आणि रिकाम्या तोंडानं. "आज काय झालं शाळेत?" "काही नाही." काही नाही कसं? काकूला सगळं सांगून झालेलं असायचं. पहिली नोकरी लागली, आधी कळलं काकूला. मुलगा पसंत केला, आधी कळलं काकूला. बाळ होणार आहे, हे तर थोरलीला धाकटीच्या तोंडून कळलं, दुकानाच्या पायरीवर, छत्री दुरुस्त करून आणताना. थोरली "हो, मला माहितीये" म्हणाली, घरी आली आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटला तिसरा पाय शिवून बसली.

मुलगी राहायची दूर, विमानानंच जावं लागेल इतकी. बाळ झालं. डॉक्टरीण कडक होती. सुरुवातीला आईबापांशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही, म्हणाली. मग एके दिवशी मुलीचा फोन आला. "आई, आता या तुम्ही दोघी. डॉक्टर हो म्हणाल्या. अजून कुणीही घेतलेलं नाही बाळाला. तुम्हीच पहिल्या."

"तुम्हीच म्हणजे कोण?"

"तू आणि काकू."

"दोघींनी एकदम घ्यायला ते काय पातेलं आहे?"

मुलगी हसली. "जी आधी येईल तिच्या मांडीवर आधी!"

पोरीनं गंमत म्हणून म्हटलं. थोरलीनं ते काळजावर कच्च्या धावदोऱ्यानं नाही, पक्क्या बखियानं शिवून घेतलं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्या चष्मेवालीच्या आधी पोचायचं.

तिचा नवरा कुलूपवाला. कुलपं उघडून देणारा, पण तोंड कधीतरीच उघडणारा. तो कानस घासता घासता म्हणाला, "अगं, बाळ काय पळून जाणार आहे का?"

"बाळ नाही पळत. पहिला नंबर पळतो."

"मग दोघी एकाच विमानानं जा की."

"तुम्ही कुलपंच करा," थोरली म्हणाली. कुलूपवाला स्वतः येणार नव्हता. त्याला स्टुलावर चढलं तरी गरगरायचं. तो म्हणाला, बाळ चालायला लागलं की ते येईल मला भेटायला.

दुसऱ्या दिवशी थोरली तिकीटवाल्याकडे गेली. दुकान एवढंसं, एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर ढगांचं चित्र.

"माझी जाऊ येऊन गेली का?" हा पहिला प्रश्न. विमानबिमान नंतर.

"दुसऱ्या गिऱ्हाइकाचं मी सांगत नाही, मावशी."

"तुझी पँट जमिनीवरून झाडू मारत चाललीय. फुकट आखूड करून देते."

तिकीटवाल्यानं खाली पाहिलं. तत्त्व मोठं की पँट मोठी, याचा त्यानं क्षणभर विचार केला. पँटच मोठी होती. "पिवळी कंपनी," तो हळूच म्हणाला. "दुपारचं विमान. सामान धरून. पहिल्या गटात चढायचं."

"गटात चढायचं म्हणजे? विमानाला काय गट असतात, शाळेसारखे?"

"असतात ना. ज्यांनी जास्त भरले ते आधी चढतात. बाकीचे मागून."

"आधी चढणाऱ्यांचं विमान आधी उडतं का?"

"नाही हो मावशी, विमान एकच."

"मग?"

"मग काही नाही. आधी चढलं की आधी बसायला मिळतं."

थोरलीला आत काहीतरी चावलं. म्हणजे धाकटी तिथंही आधी. बसून, पाय लांब करून, मागून येणाऱ्यांकडे चष्म्यावरून बघणार. "दुसरी कंपनी दाखव," ती म्हणाली.

दुसरी होती निळी. निळीचं भाडं बघून थोरली उडालीच. एवढ्या पैशांत तर तिच्या मशीनचा नवा पट्टासुद्धा आला नसता. शिवाय निळं विमान पिवळ्याच्या तासभर आधी पोचत होतं. "काढ!" ती म्हणाली.

"थांबा. यात सामान नाही."

"म्हणजे?"

"मोठी बॅग घ्यायची तर वेगळे पैसे. खिडकीजवळची जागा वेगळी. आधी चढायचं वेगळं. पाणी वेगळं."

"म्हणजे सदरा स्वस्त, पण बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळी, काजं-बटणं वेगळी. आणि घालून झाल्यावर आरशात बघायचे वेगळे. असा धंदा मी केला असता तर या गल्लीनं मला मशीनसकट उचलून फेकलं असतं."

"एक हातातली बॅग फुकट आहे, पण विमानतळावर एक लोखंडी चौकट असते. बॅग तिच्यात बसली पाहिजे. नाही बसली तर दंड, आणि तो दंड तिकिटापेक्षा मोठा."

"नाकापेक्षा मोती जड!"

"तसंच. सगळ्या कंपन्यांची चौकट एकाच मापाची. हे घ्या माप."

मापाचा कागद हातात आला आणि थोरलीच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. माप! चौकटीच्या मापाची बॅग शिवायला किती वेळ? बाकीच्यांना बाजारात शोधावी लागते, आपण घरी बेतू. त्यांचं बोलणं चालू असतानाच पडद्यावरचं भाडं वाढलं. थोरली ओरडली, "अरे, मघाशी कमी होतं!"

"मावशी, सीट भरत चालल्यात."

"मी शिंकले तरी वाढेल का रे? काढ, काढ लवकर!"

घरी येऊन तिनं सोफ्याचं जाड कापड काढलं, माप घेतलं, खडूनं आखलं, कापलं आणि एका बैठकीत बॅग उभी केली. अशी बॅग की नवऱ्यानं स्वतःहून तोंड उघडलं. "वा," तो म्हणाला. मग तिच्यात भरलं काय? थोरलीचं स्वतःचं एक लुगडंसुद्धा नाही. भरली ती नुसती बाळाची झबली. गेले कित्येक महिने गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून शिवलेली झबली, टोपडी, दुपटी, मोजे. मऊ, आतून शिवण न टोचणारी. बॅग शिगोशिग भरली. चेन लावताना कुलूपवाल्याला वर बसावं लागलं.

धाकटी रस्त्यात भेटली. "जाऊबाई, तुमचं कुठलं विमान?"

"आहे एक," थोरली म्हणाली.

"बरोबर गेलो असतो ना."

"तुझं पहिल्या गटाचं. आम्ही आपली साधी माणसं." असं बोलून थोरली इतक्या झोकात वळली की दिव्याच्या खांबाला धडकली. मग खांबालाच म्हणाली, "बाजूला उभं राहता येत नाही?"

आणि तो दिवस उगवला.

विमानतळावर तपासणीत तिची कात्री काढून घेतली. थोरलीनं तपासणीवाल्याला बजावलं, "हिनं कागद कापायचा नाही, धार जाते." पुढं गेली. निळ्या कंपनीच्या खिडकीशी पोचली तर तिथली पोरगी तोंड पाडून बसलेली.

"आजी, आमचं आजचं विमान रद्द झालंय. बिघाड आहे."

"दुरुस्त करा की. मी थांबते."

"नाही, तुम्हाला आम्ही पिवळ्या कंपनीच्या विमानात बसवलंय. नियम मात्र तुमच्याच तिकिटाचे. सामान नाही. शेवटचा गट. शेवटची रांग."

थोरलीच्या पायाखालची फरशी सरकली. तासाभराची आघाडी गेली. ती गेटपाशी आली आणि बघते तर समोर, रांगेच्या अगदी तोंडाशी, पहिल्या गटात, चाकाची छोटीशी बॅग घेऊन, केस विंचरून, कोण?

"अय्या, जाऊबाई!" धाकटी म्हणाली. "म्हणजे बरोबरच की आपण!"

"हो," थोरली म्हणाली. तो 'हो' एवढा आंबट होता की शेजारच्या माणसानं तोंड वाकडं केलं.

तेवढ्यात गेटवरच्या मुलीनं थोरलीच्या बॅगेकडे बोट केलं. "आजी, ही चौकटीत घालून दाखवा."

"दाखवते की," थोरली सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मापानं शिवलीय. घरी." आणि तिनं बॅग चौकटीत सोडली.

बॅग अर्ध्यावर थांबली.

थोरलीनं दाबली. बॅग नाही म्हणाली. थोरलीनं गुडघा लावला. आणि मग तिच्या लक्षात आलं. माप बरोबर घेतलं होतं. खडूची रेघ बरोबर मारली होती. पण कात्री हातात आली की हात डोक्याला विचारत नाही. हातानं सवयीनं चारी बाजूंनी दोन बोटं जास्त कापलं होतं. जगात बॅग वाढते म्हणून मोठी शिवणारी बाई एकच, आणि ती विमानतळावर गुडघ्यावर उभी होती.

पण माघार? धाकटी बघत असताना? थोरलीनं अंगातलं सगळं बळ काढलं आणि बॅग दणकन आत बसवली. "घ्या!" ती म्हणाली.

"आता काढा," गेटवरची मुलगी म्हणाली.

बॅग निघेना. दोघींनी ओढली, निघेना. एक धट्टाकट्टा हमाल आला. त्यानं ओढली तर लोखंडी चौकटच जमिनीतून उपटून बॅगेसकट वर आली. एक काका म्हणाले, "चौकटीचे पैसे लावतील आता." रांग मोडून लोक गोल करून उभे राहिले. शेवटी विमानातून खुद्द वैमानिक बाहेर आला, टोपी काखेत मारून, आणि म्हणाला, "मी उडवायला बसलोय, प्रवासी कुठे आहेत?" ते दृश्य बघून तोही ओढायला लागला. तुम्ही हसा, पण मी शपथ घेतलीय.

"चेन उघडा," वैमानिक शेवटी म्हणाला. बॅग चौकटीतच राहिली, चेन उघडली आणि आतून झबली उसळली. फुगलेल्या दुधासारखी वर येतच राहिली. पिवळी, हिरवी, ठिपक्यांची. लोकांच्या पायावर टोपडी, हमालाच्या खांद्यावर दुपटं. बॅग रिकामी झाली तेव्हा कुठं सैल पडून बाहेर आली.

"आता ही बसतेय," गेटवरची मुलगी म्हणाली. "पण एवढंच सामान त्यात भरलं तर परत फुगणार. दंड भरा, नाहीतर अर्धं इथं ठेवा."

दंड तिकिटापेक्षा मोठा, आणि थोरलीच्या बटव्यात तेवढे नव्हतेच. ठेवणार तर मुळीच नव्हती. "अंगावर घातलेलं चालतं ना?" तिनं विचारलं.

"चालतं."

मग थोरलीनं घालायला सुरुवात केली. दुपटी गळ्याभोवती, इतकी की नुसतं नाक उरलं. मोजे बोटांवर, दहाच्या दहा. टोपडं डोक्यावर, लिंबावर बाटलीचं बूच ठेवावं तसं. तरी ढीग उरलाच. आणि विमानाची शेवटची हाक झाली.

रांगेच्या तोंडाशी उभी असलेली धाकटी आत जायची थांबली. पहिला गट सोडून, मागं, गर्दीतून वाट काढत आली. बॅग उघडली. "जाऊबाई, द्या इकडे. माझ्यात जागा आहे."

आणि इथं थोरलीच्या पोटात जे दुखलं ना, ते बाळंतपणातसुद्धा दुखलं नव्हतं. डोळ्यांपुढं सगळं दिसलं. मुलगी दार उघडतेय. काकूची बॅग उघडतेय. काकूच्या बॅगेतून झबली निघतायत. 'अगं बाई, काकू, किती गोड!' शिवली कुणी आणि नाव कुणाचं! आयत्या बिळावर नागोबा!

"नको," दुपट्यांच्या आतून आवाज आला.

"अहो, मग टाकणार का इथं?"

"टाकीन, पण..." थोरली थांबली. हमालाच्या खांद्यावर ते ठिपक्यांचं दुपटं अजून होतं. त्याची किनार बसेना म्हणून तिनं ती किती वेळा उसवली होती, ते तिचं तिला माहीत. ते कचऱ्यात जाणार? तिनं दात आवळले. "घे. पण सांगायचं, जाऊबाईंनी शिवलीत."

"तर काय मी शिवलीत म्हणून सांगू? मला बटण तरी लावता येतं का?"

हे ऐकून थोरलीला जरा बरं वाटलं. खरं सांगायचं तर बरंच बरं वाटलं.

धाकटीनं झबली भरली. तोवर सगळे चढून गेले होते. गेटवरची मुलगी म्हणाली, "वर आता एकाच बॅगेची जागा उरलीय. दोघींपैकी एकीची बॅग विमानाच्या पोटात जाईल, फुकट. ती उतरल्यावर पट्ट्यावर मिळेल." आणि धाकटीकडे वळून अदबीनं म्हणाली, "तुमचा पहिला गट आहे. हक्क तुमचा."

धाकटीनं थोरलीकडे बघितलं. मग म्हणाली, "माझीच टाका खाली."

थोरलीला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, वेडी की काय ही? पट्ट्यावर बॅग यायला किती वेळ लागतो हे तिकीटवाल्यानं सांगितलं नव्हतं का हिला? ही तिथं माना वळवत उभी राहणार, आणि आपण हातसामान घेऊन सुटलो वाऱ्यासारख्या! दुपट्यांच्या आत थोरली हसली. कुणाला दिसलं नाही.

जागा मिळाली शेवटच्या रांगेत, संडासाला टेकून. जो येईल तो तिच्या गुडघ्यावर हात ठेवून वळायचा. पण थोरलीला काही वाटलं नाही. पुढं, पार पुढं, धाकटीचा अंबाडा दिसत होता. थोरली त्या अंबाड्याकडे बघत म्हणत होती, बस बाई, बस. आधी बस. आधी पाणी पी. उतरल्यावर बघू.

विमान टेकलं. पुढचे आधी उतरले, म्हणजे धाकटी आधी उतरली. थोरली सर्वांत शेवटी. पण ती सामानाच्या मोठ्या हॉलमध्ये आली तेव्हा पट्टा नुसता फिरत होता, रिकामा, आणि धाकटी त्याच्या कडेला उभी होती. चष्मा काढून ओढणीच्या टोकानं काचा पुसत. चष्म्याशिवाय तिला चार पावलांवरचं माणूस दिसत नाही, हे अख्ख्या घराला ठाऊक.

थोरली खांबाआड गेली. एका खांबाआडून दुसऱ्या खांबाआड. चपला हातात, बॅग छातीशी, टोपडं अजून डोक्यावर. एका लहान पोरीनं आपल्या आईला विचारलं, "ती आजी लपाछपी खेळतेय का?" थोरलीनं तोंडावर बोट ठेवलं, त्या बोटावर मोजा. दार आलं. बाहेर!

जावई गाडी घेऊन आला असणार, पण तो दोघींसाठी थांबला असता. थोरली त्याला चुकवून टॅक्सीत बसली. "पत्ता हा. आणि भाऊ, सिग्नलला थांबायचं असेल तर आत्ताच सांगा, मी पळत जाते."

मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट यायला वेळ लागेल म्हणून थोरली जिन्यानं निघाली. ती घंटीला हात लावणार तोच दार उघडलं, जणू मुलगी आत कडी धरूनच उभी होती.

"आई!" तिनं मिठी मारली. आणि मग थोरलीच्या खांद्यावरून मागं बघितलं. "काकू कुठंय?"

तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत आलेल्या बाईला हे असं विचारावं का? मागं बघून? थोरलीचा चेहरा उतरला. पण ती म्हणाली, "येतेय मागून. आण आधी इकडे. हात धुतले मी." धुतले नव्हते, मग धुतले.

आणि बाळ तिच्या मांडीवर आलं. गरम, हलकं, मुठी आवळलेलं. थोरलीला वाटलं, एवढ्याशा माणसाला आपण काय मापं घेऊन झबली शिवली, हे तर एका बाहीत मावेल. बाळानं डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं आणि हसलं. तिच्याकडे बघून, सगळ्यांत आधी तिच्याकडे.

"मी पहिली ना गं?" थोरलीनं विचारलं.

"तूच पहिली," मुलगी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "काकूनं बजावलंच होतं."

"काय बजावलं होतं?"

मुलीनं फोन पुढं केला. धाकटीचा मेसेज होता. 'तुझी आई आत्ता तिसऱ्या खांबाआडून गेली. दार उघडं ठेव. बाळ तिच्याच मांडीवर दे आधी. तुझ्या नवऱ्याला सांगितलंय, तो मला नेईल. मी सावकाश येते.'

थोरलीनं दोनदा वाचलं. आधी तिला रडू आलं, ते तिनं गिळलं. मग राग आला. म्हणजे ती 'माझीच टाका खाली' म्हणाली ते वेडेपणानं नव्हे. काचा पुसणं हेही नुसतं नाटक होतं. अगं, चष्मा काढून मला फसवते आणि लावून खांब मोजते!

"बघ," ती मुलीला म्हणाली, "हरायचं होतं, तर हरायलासुद्धा ही बया माझ्याआधी पोचली!"

"आई, तू पण ना!"

"मला नको शिकवू. हा पहिला नंबर माझा होता की तिनं दिलेला, ते सांग आधी."

मुलीनं आईच्या डोक्यावरचं टोपडं तेवढं काढून घेतलं.

घंटी वाजली. धाकटी आली, पाठीमागं बॅग ओढत जावई. दारातच तिची नजर मांडीवर गेली आणि ती पुढं झाली.

"हात धू आधी," थोरली म्हणाली. "साबणानं. कोपरापर्यंत."

"धुते ना."

"आणि सावकाश धू."

धाकटी सावकाश धुऊन आली. थोरलीनं बाळ दिलं. दिलं म्हणजे एक हात खाली ठेवूनच दिलं, मग बोटं एकेक करून काढली. "मान धर. तशी नाही. अशी." आणि मग बघत राहिली. धाकटीनं चष्मा कपाळावर सरकवला होता. बाळाचं तोंड नाकाजवळ आणून ती बघत होती. जवळचं तिला चष्म्याविना बरं दिसायचं. ती काहीच बोलत नव्हती. ही बाई कधी गप्प बसलेली थोरलीनं पाहिली नव्हती.

मुलगी झबली एकेक उघडत होती. "काय शिवलंस गं आई! पण ही मोठी आहेत जरा."

"होईल त्याच्या अंगाला. 'किती दिवस आहात' ते नाही विचारलंस?"

"विचारणारच होते. किती?"

थोरलीचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं. स्वस्तातलं, दगडावरची रेघ. विमान सोडलंत तर पैसे गेले आणि तुम्हीही इथंच. ते ती पुटपुटली. आणि मग तिकडे न बघता तिनं विचारलं, "तुझं कधीचं गं?"

"माझंही तेव्हाचंच," धाकटी म्हणाली. जरा थांबून, बाळाकडे बघत, अगदी हळू म्हणाली, "म्हणजे, माझं बदलता येतं. तारखेला पैसे पडत नाहीत. पण मी तुमच्याबरोबरच येईन, जाऊबाई."

थोरली उठली आणि खिडकीशी गेली. तिला दिसत होतं सगळं. आपण विमानात, संडासाला टेकून, आणि ही इथं. आंघोळ घालायला ही. झोपवायला ही. बाळाचा पहिला हुंकार आधी ऐकणार ही. तिनं खिडकीचा गज धरला. बाहेर एक माणूस मोटार पुसत होता. तिनं त्या मोटारीकडे बराच वेळ, जणू ती विकतच घ्यायची आहे, असं बघितलं.

"बदल," ती म्हणाली.

"काय?"

"तारीख बदल म्हणते. बहिरी झालीस का? पोर एकटी पडेल. हिला नीट जेवायला कोण घालणार, तिची डॉक्टरीण?"

"अहो, पण तुम्ही..."

"मी काय? माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत. आणि बदलताना पुढं ढकल, नाहीतर मागं घेशील, तुझा काही नेम नाही." मग तिनं वळून बोट दाखवलं. "आता झालं तुझं. आण त्याला इकडे. आठवडाभर ते माझ्याकडे राहील. मग तुझी पाळी, आणि मी गेले की रोज सकाळी मला फोन करायचा. पोरीला सांगायच्या आधी मला सांगायचं, काय काय केलं त्यानं."

"मी तर इथंच असेन ना, आई," मुलगी म्हणाली, "मला कळेलच आधी."

"तरी आधी मला," थोरली म्हणाली.

झालं. वैमानिकानं बॅग ओढली ते खरं, चौकट उपटली ते खरं, तीन पायांची पँट अजून त्या गिऱ्हाइकाकडे आहे, जाऊन बघा. फक्त एक माझ्या पदरचं आहे, आता विचारताच आहात तर सांगते. बाळ हसलं नव्हतं. एवढंसं पोर कुठं हसतंय, त्यानं जांभई दिली आणि झोपलं. पण थोरलीला तसं कोण सांगणार?